परसाकडं

काझी डॉक्टर वर्षभर डेन्मार्कला राहून आले
तेव्हा परभणीत बेचाळीस डिग्री होतं
आणि आमच्या विभागात स्कोप एकच.
तो मी तीन बादल्यांतून धुते,
मधल्या बादलीतल्या औषधानं डोळे चुरचुरतात.

ते म्हणाले, सिस्टर, तिकडे एक बाई असते,
तिचं काम फक्त फोन उचलणं.
आतड्याला सूज असलेला माणूस विचारतो,
आज रक्त जास्त दिसतंय, येऊ का?
ती सांगते ये,
किंवा सांगते थांब, दोन दिवस बघू.
त्यासाठी तिला वेगळं शिकवतात.
मी म्हणाले, फोन उचलायला?
ते म्हणाले, थांब म्हणायला.

मुंजाजी टेकाळे सेलूत शाळेचे गणवेश शिवतो.
दिवसातून अठरा वेळा मशीनवरून उठायचा,
अर्धी बाही तशीच सुईखाली सोडून.
कुणी आव म्हणालं, कुणी मूळव्याध,
कुणी नवस सांगितला,
मग एकानं क्षयाच्या गोळ्या, आठ महिने.
लघवी केशरी झाली, आतडं तसंच.

चूक म्हणू नका, डॉक्टर म्हणाले.
इथं आतड्यात व्रण दिसला की पहिला शब्द क्षय,
तिकडे पहिला शब्द क्रोन्स.
दिसायला दोघी सख्ख्या जावा,
एकीचं औषध दुसरीला दिलं तर घर पेटतं.

आणि मग हसले.
तिकडे गुरुवारी सगळे एका टेबलाभोवती बसत,
सर्जन, आहारवाली, सूक्ष्मदर्शकवाला,
ती फोनवाली बाईसुद्धा.
एका टॅक्सीवाल्याच्या आतड्याचे फोटो पडद्यावर,
तीन आठवडे कुणाला नाव सापडेना.
यांनी मागच्या खुर्चीवरून सांगितलं, क्षय.
कसं ओळखलं?
आमच्याकडे रोज भेटतो.
त्या दिवशी कॉफीला
यांच्या शेजारी बसायला दोघं-तिघं आले.

तिकडे म्हणे पेशंटच्या खिशात एक कार्ड असतं,
दुकानात दाखवलं की संडासाचं दार उघडतं.
आम्ही केसपेपरच्या पाठीवर लिहिलं:
सदर इसमास आतड्याचा आजार असून
शौचालय तात्काळ वापरू द्यावे.
खाली सही, विभागाचा शिक्का, जरा पुसट.

जिंतूरच्या स्टँडवर पोरानं ते सावकाश वाचलं
आणि म्हणाला, पाच रुपये.
मानवतच्या पेट्रोल पंपावर मालकानं चावी दिली
अन् विचारलं, माझ्या आईला मिळेल का असला कागद?
तिला काय झालंय?
काही नाही. बाई आहे, बाजाराला येते.

आमच्या गावात म्हातारी माणसं अजून परसाकडं म्हणतात.
परस कुणाच्याच घराला राहिलं नाही,
शब्द राहिलाय.
या आजाराला तेवढाही नाही.
सूज आहे म्हटलं की बायका पाय दाबून बघतात.

दुपारी तीनला, स्कोप वाळत असताना,
डॉक्टरांनी मला शिकवायला घेतलं.
शंभर पानी वही. किती वेळा,
रक्त आहे का, रात्री उठावं लागतं का,
वजन घटलं का.
परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही,
पगारात रुपया नाही.
विभागाला फोन नाही म्हणून नंबर माझाच.
पोरगी चिडते, जेवताना तरी उचलू नको.

मुंजाजीचा फोन साडेनऊला येतो,
मोंढ्यातला भाव सांगावा तसं एवढंच:
ताई, आज पाच.
रक्त?
नाही.
मागं मशीन चालू असतं, जून महिना,
गणवेशाची घाई.

मी वहीत पाच लिहिते.
काल सहा, परवा आठ.
इथं थांब म्हणायचं असतं, एवढं मला कळतं.
घास गिळते, पाणी पिते,
तरी तोंडातून निघतं,
सोमवारी एकदा येऊन जा.