कानोसा

गोथेनबर्गला, ट्राम मायोर्नाचा चढ घेते
त्या वळणावर माझं तळघरातलं दुकान.
रूने सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरला,
म्हणाला, "नस्तरन, गिअरचे लिव्हर बदल.
वर हँडलवर आण. खट् करणारे दे."

जुने खालच्या तिरक्या नळीवर, दोन बाजूंना दोन,
बोटांनी घासून घासून आरसा झालेले.
यांना आकडे नसतात, खाचा नसतात.
हलकेच ओढायचं, साखळी कुरकुरते,
कुरकुर थांबली की समजायचं, बसली.
सगळा कारभार कानावर.

"अहो, हे अजून दहा वर्षं हलायचे नाहीत,
उगाच कशाला खर्चात पडता?"
त्यानं नुसतं हँडलवर बोट ठेवलं.
इथे.

पाठमोरी केबल कापता कापता
मी भाव सांगितला, आठशे क्रोनर.
तो म्हणाला,
"हो, गुन्वोरला आता बरं आहे."

पक्कड हातात तशीच राहिली.
वरून ट्राम गेली. त्यानं खिडकीकडे पाहिलं,
तळव्यांतून कळल्यासारखं.
गोदीत वीस वर्षं पत्रे ठोकले,
हे त्यानंच सांगितलं होतं मागे,
ब्रेक बदलताना, भलत्याच विषयावरून.

मी वळून समोर गेले, आठ बोटं दाखवली.
त्यानं मान हलवली, जरा ओशाळून.

फळीवर महागातले होते, लोण्यासारखे चालणारे.
ते राहू दिले.
खोक्याच्या तळातून जुन्या घडणीचे काढले, दणकट,
दाबले की अंगठ्यातून कोपरापर्यंत पोचतात.

मग सायकल स्टँडला टांगून
पॅडल फिरवत मी कान लावला.
स्क्रू पाव वेढा आत, किंचित बाहेर,
पुन्हा आत.
सातही गिअरांचा कानोसा
त्याच्या वाटचा मीच घेऊन टाकला.

जुने लिव्हर त्यानं हातमोज्यात सरकवले,
एका बोटात एक, दुसऱ्यात दुसरा,
आणि चढाला लागला.

खालून मला ऐकू आलं: खट्.
थोड्या वेळानं पुन्हा. मग सपाटीवरही,
काही गरज नसताना, खट्, खट्,
पोरगं नव्या पेटीची कडी उघडझाप करतं तसं.

हिशेब लिहिताना लक्षात आलं,
त्याची टोपी इथेच राहिली, बाकावर.
धावत पायऱ्या चढून गेले.
तो अजून दिसत होता, वळणाच्या अलीकडे.
तोंड उघडलं,
आणि मिटलं.