नखाएवढं

तांडापेठेतल्या आमच्या शाळेत जगाचा एकच नकाशा होता,
कापडावर चिकटवलेला, वर-खाली काळ्या दांड्या,
आणि भारताच्या मधोमध एक भोक.

उंदरानं नव्हतं केलं ते. बोटांनी केलं होतं.
जो कोणी नकाशापाशी उभा राहील
त्याला डेकाटे सर आधी हेच विचारायचे :
"तू कुठं उभा आहेस, ते दाखव."
आणि प्रत्येकानं नागपूरवर बोट ठेवलं,
घामट, शाईचं, चिंच चाटलेलं बोट,
वर्षानुवर्षं,
शेवटी नागपूर झिजून गेलं.
पेरू शाबूत. मादागास्कर शाबूत.
जिथं आमचं कोणीच नव्हतं ते सगळं कोरं करकरीत;
आमच्या गावातून मात्र मागची भिंत दिसायची.

डिसेंबरात सरांनी संत्रं आणलं.
सालीवर पेनानं खंड काढले,
एका दमात सोललं, आणि साल टेबलावर तळव्यानं दाबली.
तीन ठिकाणी फाटली.
"गोल गोष्ट सपाट करायची म्हणजे
एक तर फाडावी लागते, नाही तर ताणावी.
ग्रीनलंड ताणलेलं आहे. फसू नका."
फोडी सगळ्यांना पुरल्या नाहीत.
मला अर्धी आली, तिला खडूची चव होती.

रेखांश उभे, अक्षांश आडवे,
हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.
घरी बाबा मागावर, मी कांड्या भरायला.
ताणा उभा, बाणा आडवा.
फक्त पृथ्वीचे उभे धागे
दोन्ही टोकांना गाठ मारून बांधलेत,
एवढाच काय तो फरक.

पुढं प्लास्टिकचा नवा नकाशा आला
तेव्हा जुना मी मागून घेतला.
आईनं तो एप्रिलच्या उन्हात गच्चीवर
पालथा अंथरला, मुंगवड्या घालायला.
मी ओरडलो. ती म्हणाली, "कापड चांगलं हाय."

वड्या काढल्या त्या संध्याकाळी
तिनं तो सुलटा केला, गुडघ्यावर घेतला :
"माहं वाराशिवनी कुठी हाय याच्यात?"

मी खालच्या कोपऱ्यात प्रमाण पाहिलं.
एक सेंटिमीटरला तीनशे किलोमीटर.
पट्टी लावली. चार मिलिमीटर.
भोकाच्या आतच आलं.
म्हणजे आईचं माहेर
आमच्याच बोटांनी गेलं होतं.

ते सांगवेना. मी करंगळीचं नख पुढं केलं :
"आपल्या घरापासून इतकं."

ती नखाकडे पाहत राहिली.
"इतकंसंच?
मंग अकरा वर्सं मले कोनी नेलं काहून नाही?"

खाली बाबांचा धोटा थांबला.
मग पुन्हा सुरू झाला.

नकाशाच्या सूचीत नदीला निळी रेघ होती,
रेल्वेला काळी, राजधानीला चौकोन,
वाळवंटाला ठिपके.
आणखी काही त्यात नव्हतं.

परीक्षा संपल्यावर आम्ही दोघं निघालो, बसनं,
तिच्या मांडीवर मुंगवड्यांचा डबा.
तुमसर गेलं, बावनथडी आली,
पुलावरून कोरडी वाळू, एक म्हैस, पाण्याची एक ओली रेघ,
आणि आई म्हणाली, "आता किती रायलं?"
मी अर्धं नख दाखवलं.
ती हसली. मग खिडकीकडे वळली
आणि वाराशिवनीपर्यंत तिकडेच पाहत बसली.

परत येताना मामीनं लुगड्याचा तुकडा दिला, डाळिंबी,
तिकडच्या मागावरचा.
त्याचं ठिगळ आईनं भोकाला लावलं.
जरा मोठंच कापलं;
रायपूर गेलं, जबलपूर गेलं,
सीमारेषा गेल्या, बारीक टाके तेवढे राहिले.

दिवाळीत डेकाटे सर घरी आले.
भिंतीवर पाहिलं. म्हणाले, "प्रमाण चुकलंय."
चष्मा काढून काच पुसली,
पुन्हा जवळ जाऊन पाहिलं, बोट न लावता,
आणि आईला म्हणाले,
"वहिनी, चहात साखर कमी."