सांभळो

मकरपुऱ्यात एकतीस वर्षं लेथवर उभा होतो.
टूल घासायचं चाक मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे,
ठिणग्या पोटावर झेलायच्या.
कोन विचारा, सात अंश, बारा अंश, झोपेत सांगेन.
म्हणून सुरीचं मला काही वाटलं नव्हतं.

सायकलवर धार लावणाऱ्यानं तिचं टोक जाळलं
तेव्हा बघताक्षणी ओळखलं: निळा रंग चढला,
पोलादाचं पाणी उतरलं.
वीस रुपये घेऊन तो गेला, आणि सुरी
पुढून बोटभर मेणासारखी.
कुमुद काही बोलली नाही.
अंगठ्याच्या सांध्याला फडकं गुंडाळून
सुरण दाबून दाबून चिरत राहिली.

खंडेराव मार्केटच्या मागच्या अंगाला जशीबेन बसते.
सुरण, रताळी, कोनफळ.
तिची सुरी म्हणजे हॅक्सॉच्या तुटक्या पात्याचा तुकडा
(आमच्याच शॉपमधून भंगारात गेलेला असेल),
मुठीला सायकलची ट्यूब.
कोनफळातून ती जाते अशी
की दोन फाकी पडेपर्यंत कापल्याचं कळत नाही.
मांडीखालून दगड काढते, डब्यातलं पाणी शिंपडते,
चार हात इकडून, चार तिकडून, झालं पाजळून.
म्हटलं, मला शिकव.
ती हसली. शेजारचा लिंबूवालाही हसला.
"बपोरे आवजो."

गोणपाटावर बसायला गुडघे राजी नव्हते.
दगड पाहिला, मध्ये पार खोल गेलेला.
म्हटलं, वाळूवर घासून सपाट करून देतो, फुकट.
तिनं तो छातीशी धरला.
"ना भाई. मारो हाथ एमां बेसी गयो छे."

पहिले दोन दिवस नुसती खरखर.
"सांभळो," ती म्हणाली.
मी सुरी आणखी घट्ट धरली.
"अरे, सांभळो!"
जन्म बडोद्यात गेला, गुजरातीत भांडलो, उधाऱ्या केल्या,
तरी कानाचं दार आधी मराठीतच उघडतं.
सांभाळ म्हणत नव्हती ती.
ऐक म्हणत होती.

ऐकलं मग.
कोन चुकला की दगड करकरतो.
बसला की आवाज खाली उतरतो,
शेजारच्या खोलीत कुणी सुपात तांदूळ सरकवावेत तसा.
पाणी राखाडी होत जातं. ते पुसायचं नाही,
सगळं काम त्या चिखलात.
मग अंगठा कडेवरून आडवा न्यायचा,
पलीकडे कुसळ लागतं, बाजरीच्या कणसाचं असावं तसं.
दिसत नाही, लागतं.
लागलं की बाजू पालटायची.
किती अंश, मी विचारलंच.
तिनं माझी करंगळी धरून पात्याखाली सरकवली.
"आटलुं."

घरी आठ दिवस मोरीत बसलो,
कुरुंदाचा दगड, गुडघ्याखाली उशी.
नवव्या दिवशी सुरी ओट्यावर ठेवली, न सांगता.
वाटलं, कळेल आपोआप. कौतुक होईल.
कुमुदनं टोमॅटो घेतला आणि रोजच्या सवयीनं
दाबली.

हळद भरून बोट मीच धरून बसलो.
जखम इतकी सरळ
की संध्याकाळी नुसती केसाएवढी रेघ.
"धार लावलीत तर सांगत जा," ती म्हणाली.
"बावीस वर्षं बोथट सुरीला जोर लावतेय मी,
तुम्ही मोरीत काय करता ते हाताला काय माहीत?"

आता ती शिकते आहे, माझ्याहून अवघड.
जोर न लावणं.
कांद्यावर सुरी नुसती टेकवते. थांबते.
खांदा वर येतो, तो खाली घेते.
मी फ्रीजला टेकून उभा, तोंड मिटून.
परवा मात्र निसटलंच,
"सांभळ..."
मान वर न करता ती म्हणाली,
"सांभाळतेच आहे."