एकशे अठरा अंश

लातुरात, बार्शी रोडला, डाळमिलच्या मागल्या गल्लीत
पत्र्याखाली आमचं चाक फिरतं.
हवेत तुरीचा पिवळा भुस्सा,
त्यात आमची काळी भुकटी;
संध्याकाळी नाक शिंकरलं की
रुमालावर दोन्हींचा हिशोब निघतो.

अजीमोद्दीन मिस्त्री नवं चाक घेताना
भोकात बोट घालून लटकवायचे,
पेचकसाच्या लाकडी मुठीनं टकटक करायचे,
बाजारात माठ वाजवून बघावा तसं.
खणखणीत वाजलं तर पैसे काढायचे.
बद्द वाजलं तर पोटात चीर आहे समजायचं.
फिरतं चाक फुटतं ते
तोंड कुणाचं हे विचारून फुटत नाही.

आयटीआयचा कागद घेऊन मी गेले
तेव्हा त्यांनी तो वाचलाच नाही.
बारा एमएमचं बोथट ड्रिल हातात ठेवलं.
"टोक काढ."
काढलं. चकाकत होतं.
पहिलंच भोक साडेबारा भरलं.

"बघ शिवकांता, एकाच बाजूनं बट निघूलालीय.
दुसरा ओठ उपाशी आहे."

तोवर मला ठाऊक नव्हतं
ड्रिलला ओठ असतात,
दोन,
आणि दोघांच्या वाट्याला लोखंड सारखं यावं लागतं:
इकडून एकोणसाठ, तिकडून एकोणसाठ.
ओठामागची टाच केसभर खाली,
नाहीतर ते कापत नाही, नुसतं घासतं, किंचाळतं,
आणि गल्लीतल्या सगळ्यांना कळतं
की आज मशीनवर पोरगी आहे.

तीन महिने मी तेच केलं.
कोपर बरगडीला टेकवून,
मनगट जात्यासारखं न फिरवता,
टेकव, उचल, खाली सोड.
ठिणग्या पिवळ्या, बोटांच्या मागे गरम.
टोक वांग्याच्या सालीसारखं निळं पडलं
की ते म्हणायचे, "जळालं. परत."
गरम कार्बाईड मी एकदा पाण्यात बुडवलं,
तडकलं.
"त्याला तहान नसती लागत," एवढंच बोलले,
आणि दिवसभर परत काही नाही.

त्यांच्या डाव्या डोळ्यात तेव्हाच मोती पिकत होता.
गेज ट्यूबलाइटसमोर धरून
उजेडाची फट बघायचे दिवस सरले होते.
धार अंगठ्याच्या नखावर ठेवायचे, हळूच.
घसरली तर बोथट.
रुतली तर झालं.
त्या नखावर इतक्या पांढऱ्या रेघा होत्या
की दुकानाची वही वेगळी ठेवायची गरज नव्हती.

उन्हाळ्यात बोअरच्या गाडीवाले
रात्री दोनला शटर वाजवतात.
बिटच्या गोळ्या झिजून सपाट झालेल्या;
एकेक परत गोल करून द्यायची,
झोपेतसुद्धा माप तेच.
मग ते सहाशे फूट जातात,
कधी नुसती धूळ वर येते.
पैसे मात्र कुणी परत मागितले नाहीत.
आमची हमी टोकापुरती.
त्याच्या खाली काय आहे
ते आम्हालाही कोण सांगणार.

एक दिवस वोल्टेज पडलेलं,
मिस्त्री दाराकडे तोंड करून स्टुलावर,
मी मिलच्या पुलीला भोक पाडत होते.
किंचाळी नाही.
दोन्ही खाचांतून दोन बटा
एकदम वर आल्या, सारख्या जाडीच्या,
लहानपणी आईनं घट्ट घातलेल्या दोन वेण्यांसारख्या.
त्यांनी मान वळवली नाही.
कान तेवढा वळलेला असावा.
"हौ," म्हणाले.
आणि मग, "चहा सांग. साखर कमी."

आता ते येत नाहीत. गुडघे.
पाटी त्यांच्याच नावाची आहे,
तिच्यावर पिवळी धूळ बसते, मी पुसते, परत बसते.
दर वेळी टोक काढताना
ड्रिल थोडं कमी होत जातं, त्याला इलाज नाही.
पहिल्या दिवसाचं ते आता
बोटभर उरलंय,
चकमध्ये धरायलासुद्धा जेमतेम.

भोक अजून बाराचंच पाडतं.