कुटबणच्या प्रेक्षकांसाठी

पहिली गोष्ट, स्वेटर आणा.
बाहेर जून असो, शर्ट पाठीला चिकटलेला असो.
मिनिन बार्रेटो सांगतो, विनिपेगला नवखा माणूस लगेच ओळखू यायचा:
चहाचा कागदी पेला दोन्ही हातांत,
पीत नाही, नुसता धरून बसलाय.

दुसरी, बर्फ जाड नसतो.
आम्हाला वाटलेलं हातभर असेल,
आमच्या लाद्यांसारखा,
ज्या आकड्यानं ओढताना कंबर बोलते.
मिनिन अंगठ्याचं पेर दाखवतो. एवढाच.
पाणी फवारायचं, गोठू द्यायचं, पुन्हा फवारायचं,
मध्ये पांढरा रंग, कारण बर्फ मुळात पांढरा नसतो,
खालचं काँक्रीट दिसतं त्यातून,
मग तांबड्या रेघा, निळ्या रेघा, मग पुन्हा पाणी.
पंधरा हजार माणसं बोंबलतात
ती या पेराकडे बघून.

त्याच्याही खाली नळ्या, नळ्यांत खारं पाणी
आणि मागे कुठेतरी, भिंतीपलीकडे, अमोनिया.

इथं मी मान वर केली.
अमोनिया मला कळतो. बावीस वर्षं
साळ नदीच्या काठी त्याचाच कॉम्प्रेसर सांभाळतोय,
गळती झाली तर नाक आधी, भोंगा नंतर.
म्हणजे तिथंही एक असणार
माझ्यासारखा, रात्रपाळीचा,
ज्याला गोल दिसत नाही,
वरून गडगडाट ऐकू येतो फक्त
आणि तो काटा बघतो.

तिसरी, मध्यंतरात उठू नका.
तेव्हा मशीन फिरतं, बर्फ खरवडतं, मागे गरम पाणी सोडत जातं.
गरम. थंड पाणी ओरखड्यावर नुसतं बसतं, म्हणाला,
गरम आत शिरतं.
हे मशीन मिनिन चालवायचा, असं मिनिन म्हणतो.
त्याची बहीण म्हणते, खुर्च्यांखालचं पॉपकॉर्न झाडायचा.
दोन्ही असेल. हिवाळा मोठा असतो तिथं.

बंदी लागली, ट्रॉलर जेटीला खेटून उभे राहिले,
शेठ लेकीकडे बेळगावला गेला,
कोळंबीची थंड खोली रिकामी.
तीन रात्री मिनिननं झारीनं पाणी घातलं,
रोपाला घालावं तसं.
रेघ ओढली गेटाच्या उरलेल्या तांबड्या रंगानं.
चकती ट्रॉलरच्या टायरची, कापून.
काठ्या म्हणजे झावळीचे देठ, ज्यांची आपली पोरं बॅट करतात.
गोल म्हणजे उपडा क्रेट.

खेळाडू चार. मिनिन, त्याच्या पायात खरे स्केट,
एकाची नाडी माशाच्या दोरीची.
दैतारी आणि बाबुला, ओडिशाचे, गावी जायचं तिकीट न मिळालेले.
मिनिनची भाची लिझेट, अकरा वर्षांची, गमबुटात.
प्रेक्षक एक. मी. मीठाच्या पोत्यावर.

चौथी गोष्ट मला तेव्हा समजली:
चकतीवरून नजर काढू नका.
मी काटा बघायला वळलो, सवयीनं,
आणि ती कानाजवळून गेली.
तिथं काच असते. इथं प्लास्टिकचा पडदा, तोही फाटका.

पाचवी. एकानंच तीन गोल केले
की टोप्या फेकतात. आपल्या स्वतःच्या, विकतच्या, आत, बर्फावर.
परत मागत नाहीत.
तिसरा गोल लिझेटचा, पडता पडता, गुडघ्यानं.
धरावा का यावर दैतारी आणि बाबुला
ओडियातून भांडले, मला एक अक्षर कळलं नाही,
मग दैतारीनंच माकडटोपी काढून टाकली.
माझी टोपी कंपनीची, तिच्यावर नंबर असतो.
टाकली.

आणि सगळ्यांत आधी सांगायची ती ही:
दार आतून उघडतं का, ते आत जाण्यापूर्वी बघून घ्या.

ऑगस्टात बोटी सुटल्या.
क्रेट छतापर्यंत चढले, बर्फ फोडायला कोणाला वेळ नव्हता.
शेठनं विचारलं, शाणू, ही तांबडी रेघ कसली?
म्हटलं, मधली.