रद्द

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी एकच काम केलं.
छापून आलेला ताव काचेवर पसरायचा,
खालून उजेड,
बिघाड दिसला की लाल पेन्सिलीनं फुली.
छापणारे वेगळे, शाईचे मास्तर वेगळे.
आम्ही तपासनीस काहीच बनवत नव्हतो.
आमच्या हाती फक्त ‘नाही’ होतं,
आणि त्या ‘नाही’वर, निरगुडे म्हणायचा,
अख्ख्या देशाचा बाजार उभा आहे.
निरगुडे फुशारक्या मारायचा.
पण हे अगदीच खोटं नव्हतं.

आता माझं हृदय मोठं झालंय.
बिटकोजवळ डॉक्टर कोठावद्यांनी इको काढला.
भिंत आधी जाड झाली, म्हणाले,
आता सैल पडत चाललीय.
ब्लडप्रेशरच्या गोळ्या मी बरीच वर्षं
उद्यावर टाकलेल्या.
बायकोला फोन केला तर आधी हसली :
तुमचं काळीज मोठं?
मेथीच्या जुडीला रुपयावरून भांडता!
मग बराच वेळ बोलली नाही.

भाची शाल्मली पुण्याला प्रयोगशाळेत असते.
रविवारी आली,
रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर काढून दाखवलं :
पेशीत हुकूम छापले जातात, मामा.
हे वाढव, ते बांध, इथे तंतू घाल.
त्या हुकमांवर नजर ठेवतात
बावीसेक अक्षरांचे बारके तुकडे.
मायक्रोआरएनए.
स्वतः काहीच बनवत नाहीत.
नेमका हुकूम गाठून चिकटतात,
मग तो वाचलाच जात नाही.

मी चष्मा काढला.
म्हणजे चेकर.
ती थांबली, पेनाचं टोपण चावलं.
हो. चेकर.

मग मी विचारतच सुटलो, खात्यातली चौकशी असावी तसा.
कोणत्या पाळीत घोळ झाला? कोण हजर होतं?
तुझ्याच हृदयाचं नेमकं नाही सांगता येत, म्हणाली,
पण अशा हृदयांत बहुतेकदा
एक नंबर आणि एकशे तेहेतीस,
वाढीला आवर घालणारे दोघे,
ताण चढत गेला की कमी कमी होतात.
रजेवर?
रजेवर म्हण हवं तर.
मग ‘वाढव’चे ताव फुलीवाचून सुटतात.
एकोणतीसही ओसरतो, आणि मऊ स्नायूत
काथ्यासारखे धागे माजतात.
एकवीस मात्र वाढतो.
जे हुकूम आवरायला निघालेले,
नेमके त्यांनाच फुली मारतो.

असा एक आमच्याकडेही होता.
नाव घेत नाही, त्याची मुलं इथेच जेलरोडला राहतात.

आणि एक गोष्ट तिनं जाता जाता सांगितली,
चप्पल घालताना.
थकलेलं हृदय, म्हणाली, जन्माआधीचे साचे
पुन्हा बाहेर काढतं.
पोटात असताना जे छापायचं, ते छापायला लागतं.

जुन्या प्लेटा आमच्याकडे कुलपात असायच्या.
दोन किल्ल्या, दोन साहेब, दोन सह्या.
माझ्या अडुसष्टाव्या वर्षी
कोणी उघडलं ते कपाट?
आई सिन्नरला विड्या वळायची, दिवस भरत आले तरी.
मांडीवर सूप, सुपाच्या काठाशी मी.
तेव्हाची प्लेट.
तंबाखूचा वास असेल अजून तिला.

औषध आहे का? विचारलं होतं मी.
चेकरला धरून ठेवणारी उलटी अक्षरं बनवतात,
किंवा रजेवर गेलेल्याला परत आणतात.
उंदरांत जमलंय बरंच.
माणसांत अजून बघतायत.
बघा म्हणालो. घाईत पास करू नका.

रात्री तीन उशा लागतात.
उताणं पडलं की छातीत पाणी चढतं,
कान आत लागतो,
काचेवर ताव पडल्याचा आवाज येतो का म्हणून.
येत नाही. साडेतीनची मालगाडी येते.

सकाळी वजन करायचं, लिहून ठेवायचं, डॉक्टरांची शिस्त.
काल एकाहत्तर चारशे.
आज बाहत्तर सहाशे, तेही दीड लिटर पाण्यावर.
कॅलेंडरवर आकडा लिहिला
आणि हात आपोआप ड्रॉवरकडे गेला,
पेन्सिल अजून आहे, बोटाएवढी उरलीय.
मारली फुली.

घोट्यावर अंगठा दाबला.
खळगा पडला, भरायला बराच वेळ लागला.
कोठावद्यांना नऊ वाजता फोन करायचाय.