खालचा खिळा

कड्या मोजल्या तेव्हा तेरा निघाल्या. सागाच्या.
छत माझं, जमीन अच्युतची,
मग कडी नेमकी कोणाची
याचा निकाल रामबागेत कोणालाच देता आला नाही.
म्हणून खर्च निम्मा निम्मा,
आणि निरोप दरियाव मिस्त्रीच्या तोंडून.

"भिया, लकडी कमजोर नाहीये,"
तो घोडीवर उभा राहून म्हणाला,
"पण हरेक कडी आपली आपली वाकते.
पाय पडला एकीवर, तर बाजूवालीला खबरच नाही."
निळीत बुडवलेली दोरी ताणून
त्यानं टिचकी मारली:
तेरांच्या पोटावर एकच रेघ.
मग तिरक्या पट्ट्या, दोन दोन,
कातरीसारख्या, दर दोघींच्या मध्ये.
वरची टोकं लगेच ठोकली, खालची मोकळी ठेवली.
"भार बसू द्या चार दिवस. घाई केली तर कुरकुरेल."

त्या चार दिवसांत
अकरा वर्षं नुसतं ऐकलेलं मी मोजलं.
पहाटे चारला त्याची टाच. डावा पाय जरा ओढत.
मोरीपर्यंत नऊ पावलं, परत येताना अकरा.
माझ्या फडताळात लोणच्याची बरणी
दर पावलाला शेजारच्या पेल्याशी किणकिणायची.
त्यावरून कळायचं, ताप आहे
की नुसतीच झोप नाही
की सुनेनं लपवलेला तंबाखू शोधतोय.
भांडण कशावरून, विचारू नका.
पाण्याच्या मोटारीवरून.
तेवढंच नव्हतं, पण मोटारीवरून.

पाचव्या दिवशी खालचे खिळे बसले.
दरियाव हिशोब घेऊन गेला, दोन्ही मजल्यांवरून.

त्या रात्री चार वाजले.
सव्वाचार.
बरणी गप्प.
पेला गप्प.
मी उठून पेला बरणीच्या आणखी जवळ सरकवला.

साडेचारला जिना चढलो,
बनियनवर, हातात बॅटरी.
दार त्यानंच उघडलं. जागा होता.
जे बोलायचं म्हणून इतकी वर्षं घोटून ठेवलं होतं
त्यातलं एक अक्षर आठवेना.
म्हटलं, "हलतं का अजून?
जरा उडी मार बघू."

"गुडघे," तो म्हणाला.
मग चौकटीला हात टेकून
टाचा उचलल्या
आणि सोडल्या.

खाली बरणी वाजली की नाही
ऐकायला खाली कोणी नव्हतं.